दमदार गाडीतच ड्रायव्हिंग शिकायचंय? या चुका टाळा

ट्रॅकवर वेगात चालवायला शिकायचं म्हणून आधी दमदार गाडी घेणं, ही पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात. ४०० बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) गाडीत वळण फसलं तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर पाय दाबला की वेळ भरून निघतो, आणि चूक झाली होती हे कळतही नाही. माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीत, १.६ लिटर इंजिनात, ताकद जेमतेम ११५ बीएचपी. तिथे वळणात घालवलेला वेग सहजासहजी परत मिळत नाही.

वळणातून बाहेर पडताना रस्ता कमी पडतोय? दोष वेगाला दिला जातो, पण बहुतेकदा स्टिअरिंग लवकर वळवलेलं असतं. आतली कड लवकर गाठली की गाडी शेवटी बाहेर जाणारच. अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि सटकतात. छोट्या, फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या) गाड्याही याला अपवाद नाहीत.

स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात असेल तर ते आणखी वळवून काही होत नाही. पाय थोडा सैल करा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पुढच्या टायरना पकड घेऊ द्या.

ब्रेक्सचं गणित मात्र दमदार गाडीत खरोखर बदलतं. १०० ऐवजी १४० च्या वेगावरून थांबायचं तर जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. काही लॅपनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) ब्रेकचं पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. पेडल घट्टच आहे पण गाडी थांबत नाही, तर ब्रेक पॅड तापलेत. दोन्हींत तो लॅप सोडून द्या, हळू चालवत थंड होऊ द्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक लावू नका.

छोट्या गाडीचीही एक वाईट खोड आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. ॲक्सिलरेटर सदैव तळाला ठेवायची सवय लागते. तोच पाय रिअर-व्हील ड्राइव्हच्या ताकदवान गाडीत नेलात तर वळणातच मागची बाजू पुढे येते. स्टिअरिंग जसं सरळ होईल तसाच पाय खाली जायला हवा. सुरुवातीला ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा आणि त्याचा दिवा बघा: वळणातून निघताना तो लुकलुकला, तर पाय घाई करतोय.