ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू टाकू नका: धान कापणी आणि जागलीच्या दिवसांसाठी सल्ला

धानाच्या लोंब्या वाकल्या आहेत, तूर फुलोऱ्यात आहे आणि हरभरा नुकताच वर आला आहे. नेमक्या याच दिवसांत रानडुकरांचे कळप बांधीत उतरतात आणि रात्रीतून उभं पीक लोळवून जातात. डुकरांनी सोडलेली तूर आणि हरभरा रोही, म्हणजे नीलगायी, खुडतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत या दिवसांत वावरावावरांत जागलीसाठी, म्हणजे रात्री पीक राखायला, मचाणी बांधल्या जातात. ज्यांच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची जुनी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची आपली भरमार आहे, ते ती खाली काढून पुसायला बसतात.

यंदा दिवाळीपासून माझ्याकडे तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली, "भाऊ, भरमारमध्ये बिनधुराची दारू कोणती चालते?" कोणी मोबाइलवर अमेरिकेचा व्हिडिओ पाहिला होता, कोणाला कुणीतरी बारा बोअरचं काडतूस फोडून आतली दारू, म्हणजे हीच बिनधुराची, वापरायला सांगितलं होतं. कोणतीच चालत नाही, एवढंच माझं उत्तर आहे. थोडी नाही, अर्धं माप नाही, भरमारच्या नेहमीच्या काळ्या दारूत चिमूटभर मिसळूनही नाही.

एवढं ठामपणे सांगतो, कारण अशी फुटलेली एक नळी मी हातात धरून पाहिली आहे. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या नात्यातल्या एका काकांनी जागलीच्या रात्री काडतुसातली दारू नेहमीच्या मापाने भरली. पहिलाच बार. सकाळी ती बंदूक ओसरीवर आणून ठेवली, तेव्हा नळीचा मागचा वीतभर भाग केळीच्या सालीसारखा उलगडला होता. लोखंडाच्या कडा आतून चकचकीत आणि सुरीसारख्या धारदार. लाकडाचा दस्ता दोन फाका झालेला. काकांच्या डाव्या हाताची तीन बोटं त्या रात्री गेली. पुढे तीस वर्षं त्यांनी विळा उजव्या हातात धरला आणि धानाची मूठ डाव्या कोपराने आवळली.

हे का होतं, ते समजून घ्या, म्हणजे उद्या कोणी कितीही पटवलं तरी हात पुढे जाणार नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती उघड्यावर पेटवा की नळीत कोंडा, तिच्या जळण्याच्या वेगात फार फरक पडत नाही. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग राख आणि धूर होऊन उरतो, छर्ऱ्यांना ढकलणारा वायू कमीच होतो. जुन्या कारागिरांनी भरमारच्या नळ्या याच हिशेबाने घडवल्या. बिनधुराची दारू वेगळ्याच जातीची. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते, म्हणजे मुळात कापसापासूनच. सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंवर तेजाबाची प्रक्रिया करून ती तयार होते. फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएल यांनी ती बंदुकीत वापरण्याजोगी केली आणि त्यानंतर जगभरच्या सैन्यांनी बंदुकाच नव्याने घडवल्या, कारण जुन्या बंदुकांना ती झेपत नव्हती. ही दारू जवळपास सगळीच्या सगळी वायू होते. आणि दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेग वाढला की दाब आणखी चढतो. आधुनिक रायफलच्या काडतुसात हा दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या वर जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये आपण पंधरा-वीस पौंड हवा भरतो, त्यावरून अंदाज करा.

माणूस फसतो तो इथेच. बिनधुराची दारू कागदावर ठेवून काडी लावली तर ती सुस्तपणे, पिवळ्या ज्योतीने जळते. काळी दारू तशीच पेटवली तर भक्कन उडते. पाहणाऱ्याला वाटतं, ही तर मऊ आहे, दोन मापं टाकू. काकांनीही आधी अंगणात अशी काडी लावून पाहिली होती. उघड्यावर ती मऊच असते. वर छर्रे आणि चिंध्या ठासून नळीत कोंडली की तिचं रूप पालटतं. त्यात भरमारचं माप असतं डबीचं, वजनाचं नाही. तेवढीच डबी बिनधुराच्या दारूने भरली तर जोर कितीतरी पट होतो.

अमेरिकेच्या त्या व्हिडिओंबद्दलही सांगतो, कारण ते खोटे नाहीत. तिकडे हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. सॅव्हेज कंपनीने २००० च्या सुमारास १०एमएल नावाची एक ठासणीची रायफल काढली, ती बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेली होती. तिची नळी आणि मागचा बंद आजच्या रायफलच्या पोलादाचा, आणि कोणती दारू किती वजनाची टाकायची हे कंपनीने नेमून दिलेलं. दिसायला ठासणीची असली तरी आतून ती आजची रायफल. आपल्या घरच्या, पणजोबांच्या काळच्या नळीशी तिचं काही नातं नाही. तिकडेही साध्या ठासणीच्या बंदुकीवर 'फक्त काळी दारू' असं कोरलेलं असतं. पायरोडेक्स नावाची जी पावडर व्हिडिओत दिसते, ती काळ्या दारूला पर्याय आहे आणि धूर करते. तिला बिनधुराची समजू नका.

दारू ओळखायची कशी, असंही विचारतात. काळ्या दारूचे दाणे कोळशाच्या चुऱ्यासारखे, वेडेवाकडे आणि कोनदार असतात. बिनधुराचे दाणे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दिसतात, बारीक चकत्या, गोळ्या किंवा पेन्सिलच्या शिशासारखे तुकडे. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, बिनधुराची दारूही काळपट असू शकते. डबा कुठून आला हे ठाऊक नसेल तर आतली दारू कोणतीही असो, वापरायची नाही. परवानाधारक दुकानातून, परवान्यावर लिहिली असेल तेवढीच घ्या आणि मूळ डब्यातच ठेवा. दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब फोडून ती भुकटी भरणारेही आहेत. ती तर धडाक्यासाठीच बनवलेली असते, नळीत ती बिनधुराच्या दारूइतकीच जीवघेणी. घरी दारू कुटणं तर गुन्हाच आहे.

काळी दारू वापरतानाही काही सवयी हाडात मुरलेल्या हव्यात. नळी पूर्ण रिकामी असताना दारू ठासायचा गज तळाला टेकवा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने खूण करा. पुढे केव्हाही गज घातल्यावर खूण तोंडाच्या वर राहिली तर बंदूक भरलेली आहे. रात्री झोपेच्या तारेत एकावर एक दोन बार भरले जातात, ते या एका खुणेने टळतं. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली की पहिल्यांदा हेच करा. भरताना छर्रे दारूला टेकेपर्यंत खाली गेले पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली तर साध्या काळ्या दारूनेही नळी फुगते किंवा फुटते. दारू थेट डब्यातून ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असेल तर आग डब्यापर्यंत येते. माप वेगळं ठेवा आणि मचाणीवर विडी अजिबात नको. टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टिकली, फुटली पण बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच रोखून निदान दोन मिनिटं थांबा.

बार काढलेल्या रात्रीच बंदूक धुवा. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि दवाच्या दिवसांत सकाळपर्यंत नळीला गंज धरतो. कोमट साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेलाचा हात. हे न केल्यामुळेच बऱ्याच जुन्या नळ्या आतून खाल्लेल्या आहेत. अशा नळीत काळी दारूही टाकू नका, आधी परवानाधारक कारागिराला दाखवा.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मोकळीक नाही, हेही सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर त्यांना मारायची परवानगी वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतो. ती हातात नसेल तर मारायचं नाही. आपल्या भागात अंधारात हललेली सावली वाघाची असू शकते, मोहाच्या झाडाखाली बसलेल्या माणसाचीही असू शकते. कुंपणात वायरीने सरळ करंट सोडणं त्याहून वाईट. त्याने दरवर्षी आपलीच माणसं आणि बैल मरतात. झटका देणारं सौर कुंपण वेगळं. त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, वनरक्षकाकडे चौकशी करा. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, ठसे आणि पडलेलं पीक पायाखाली जाऊ देऊ नका, आणि वन विभागाकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्या.

शेवटी, ज्यांनी हे वाचण्याआधीच काडतुसाची दारू भरून ठेवली असेल त्यांच्यासाठी. चाप ओढू नका, 'एकदाच उडवून मोकळं करू' असंही नको. टोपी हलक्या हाताने काढा आणि नळीचं तोंड माणसांपासून आणि गोठ्यापासून दूर, मोकळ्या दिशेला ठेवा. नळीवर वाकून आत पाहू नका. लोखंडी सळईने उकरू नका, आगीजवळ नेऊ नका, पाणी ओतलं की निकामी झाली असंही धरू नका. बंदूक पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराला बोलवा. आत काय भरलंय, हे त्याला न लाजता खरं सांगा.