जुनी गाडी बघायला जाताय? इंजिन थंड असतानाच बघा

आपण पोहोचण्याआधीच विकणारा बऱ्याचदा गाडी चालू करून ठेवतो, आणि गरम इंजिनात निम्मे दोष झाकले जातात. म्हणून आदल्या दिवशीच फोनवर सांगा, "सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका."

१. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. मी तरी घेतो.

२. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघा. दुधाच्या चहासारखा चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. पावसाळ्यात नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा थोडा थर वाफेनेही धरतो, म्हणून डिपस्टिकही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढून बघा. तिथलं ऑइलही दुधाळ दिसलं तर ती गाडी घेऊ नका. अशा वेळी बहुधा हेड गॅस्केट (इंजिनात ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील) गेलेलं असतं, आणि त्याचं काम खिशाला फार जड जातं.

३. आता दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बाजूला उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गारव्यातली पांढरी वाफ थोड्या वेळात विरते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळत असण्याची शक्यता मोठी.

४. पाच मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवा, मग एकदम रेस द्या. निळा धूर अनेकदा इथेच पकडला जातो.

कूलंट बघायचं असेल तर इंजिन चालू करण्याआधीच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.