कमावत्या मुलाकडून घरखर्चाला किती घ्यावे आणि कसे घ्यावे

दहावीचा निकाल लागून महिना उलटला की बेळगाव भागात उद्यमबाग, मच्छे, शिनोळीच्या कारखान्यांकडे किंवा निपाणीहून कागलकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये १६-१७ वर्षांची काही नवी मुले डबा घेऊन उभी असलेली दिसतात. कोणी प्यूसी (अकरावी-बारावी) करता करता संध्याकाळी दुकानात बसतो, कोणी शिक्षण सोडून पूर्णवेळ हेल्पर म्हणून लागलेला असतो. पहिला पगार देवापुढे ठेवून आईच्या हातात द्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मोडावी असे मी सुचवणार नाही. खरा प्रश्न दुसऱ्या पगारापासून सुरू होतो, कारण त्याचे काय करायचे हे बहुतेक घरांत कोणी ठरवलेलेच नसते.

रकमेकडे वळण्यापूर्वी ते काम मुलाने करावे असे आहे का, हे पाहून घ्यावे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे. अपवाद आहे तो शाळेची वेळ सांभाळून घरच्या व्यवसायात केलेल्या मदतीचा आणि बालकलाकारांचा. १४ ते १८ या वयात काम करता येते, पण धोकादायक प्रक्रियांत नाही. बेळगावच्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ज्या फाउंड्रींमुळे आपल्या शहराचे नाव झाले ते ओतकाम धोकादायक प्रक्रियांच्या सरकारी यादीत मोडते. मुलाला भट्टीजवळ किंवा ग्राइंडिंगला उभे करत असतील, तर त्या पगारातून घराला किती मिळावे ही चर्चाच नको, काम बदलावे.

कायद्याने अल्पवयीन मुलाच्या पालनपोषणाची जबाबदारी आईवडिलांवर आहे. उलट बाजूने, १८ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलावर घर चालवण्याचे कोणतेही बंधन नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेला कायदासुद्धा सज्ञान मुलांनाच लागू होतो. म्हणून मूल जे देते ते आपसातील समजुतीने दिलेले असते, आणि समजूत म्हटली की ती दोन्ही बाजूंनी बोलून ठरवावी लागते. माझे स्वतःचे मत असे की पूर्णवेळ कमावणाऱ्या मुलाने घरात काहीतरी जरूर द्यावे. शिकत असलेल्याने मात्र बसपास, मोबाइलचा रिचार्ज, वह्या-पुस्तके असा स्वतःचा खर्च उचलला तरी पुष्कळ झाले, त्याच्याकडून घरासाठी वेगळी रक्कम मागू नये.

मी १७ व्या वर्षी वडगावात यंत्रमागावर कामाला लागलो. आठवड्याचा पगार पाकिटात मिळे आणि ते पाकीट न फोडता मी आईला देत असे. त्यातून ती मला चहा-नाश्त्यापुरते पैसे परत देई. वर्षभर हे इतके नियमित चालले की वडिलांनी त्या पाकिटाच्या भरवशावर एका सोसायटीचे कर्ज काढून कौले उतरवली आणि घरावर स्लॅब घातला. पुढे मला आयटीआयला फिटरच्या शाखेत जागा मिळाली. त्या रात्री आईने डाळीच्या डब्यामागून कर्जाचे पासबुक काढून माझ्यासमोर ठेवले. ३१ हप्ते बाकी होते. कोणी मला जाऊ नको म्हटले नाही, आणि मी गेलो नाही. स्लॅब आजही गळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तेव्हापासून या विषयावर मला कोणी विचारले, तर मी आधी एकच नियम सांगतो: मुलाच्या पगारावर घराचा कोणताही हप्ता उभा करू नये. कर्ज, भिशी, महिला गटाचे साप्ताहिक हप्ते, हप्त्यावर घेतलेली दुचाकी, यांपैकी काहीही त्याच्या कमाईच्या जोरावर सुरू झाले, की त्याचा शिक्षणाकडे परतण्याचा रस्ता बंद होतो. गटाचे कर्ज तर जपूनच घ्यावे. वसुलीतील जाचाच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. अल्पवयीन मुलाच्या नावावर कर्ज घेता येत नाही, कारण १८ पूर्ण होण्याआधी त्याने केलेला करार कायद्याने करारच नसतो. मात्र कर्ज वडिलांच्या नावावर आणि फेड मुलाच्या पगारातून, ही पळवाट घरोघरी आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे मालकाकडून घेतलेली उचल. सणाला किंवा बहिणीच्या लग्नाला वडील मालकाकडून ठोक रक्कम आणतात आणि ती मुलाच्या पगारातून महिनोन्‌महिने कापली जाते. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाशी बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. मालक ओळखीचा असला, गावकीतला असला, तरी उचल घेऊ नये, आणि मुलाचा पगार वडिलांनी परस्पर आणण्याची पद्धतही ठेवू नये.

आता कोणता खर्च मुलाकडे द्यायचा ते पाहू. एका वहीत महिन्याचे सगळे खर्च लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे, उद्या मुलाने काम सोडले तर हा खर्च थांबवता किंवा कमी करता येईल का, एवढेच लिहावे. भाडे, किराणा, औषधे, शाळेची फी थांबवता येत नाहीत; ते आईवडिलांच्या कमाईतूनच भागले पाहिजेत. केबल, घरातले इंटरनेट, वर्तमानपत्र, रोजच्या दुधातले वाढीव अर्धा लिटर, रविवारचे मटण, फार तर दोन महिन्यांतून एकदा गॅसचा सिलिंडर, असे खर्च मुलाच्या नावे टाकावेत. एखादी ठरावीक वस्तू आपल्या पैशाने येते हे मुलाला दिसले, की देण्याला अर्थ राहतो. मोघम ‘घरखर्चाला’ दिलेले पैसे कुठे गेले हे कोणालाच कळत नाही आणि पुढे त्यावरूनच बोलाचाली होतात.

लाइट बिलाची गोष्ट कर्नाटकात थोडी वेगळी आहे. २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटपर्यंत सवलत आहे. मात्र प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या २०२२-२३ मधील सरासरी वापरात १० टक्के (सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असेल तर २०२४ पासून १० युनिट) मिळवून ठरलेली आहे. त्या मर्यादेच्या वर पण २०० च्या आत गेल्यास जादा युनिटचे पैसे भरावे लागतात; २०० ओलांडले की संपूर्ण बिल येते. त्यामुळे मुलाला हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल भरण्याची जबाबदारी देण्यापेक्षा मीटर बघण्याची द्यावी. दर रविवारी आकडा वहीत टिपायचा आणि वापर वाढत असेल तर इस्त्री-गिझरवर लक्ष ठेवायचे. यात त्याचा एक रुपया जात नाही आणि घराचे शेकडो वाचू शकतात.

रक्कम ठरवताना सांगितलेला पगार धरू नये, हातात येणारा धरावा. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे ०.७५ टक्के आणि पीएफ लागू असेल तर त्याचे १२ टक्के आधीच कापले जातात, आणि कापले जात असतील तर ती चांगलीच गोष्ट आहे. समजा हातात ९,००० रुपये येतात. त्यातून बसभाडे, डबा नसेल त्या दिवसाचे जेवण आणि रिचार्ज मिळून १,५०० बाजूला काढले, तर ७,५०० उरतात. त्याचे तीन सारखे भाग करावेत: २,५०० घराला, २,५०० मुलाच्या स्वतःच्या नावे शिल्लक, २,५०० त्याच्या हातात. हातातल्या रकमेचा हिशेब मागू नये. तो ते पैसे क्रिकेटच्या बॅटीवर घालवील, कॅम्पात मित्रांना खाऊ घालील, घालवू द्यावेत. घराची ओढाताण असेल तर हातातला भाग कमी करावा, पण शिल्लक कमी करू नये, कारण आयटीआयची किंवा डिप्लोमाची फी त्यातूनच जाणार आहे.

ही शिल्लक बँकेत त्याच्याच नावाच्या खात्यावर असावी. १० वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दिलेली आहे. आपल्याकडे पुष्कळांना पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव, सोयीची वाटते. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने दोन आण्यांपासून सुरू केलेली ही पद्धत आजही दुकानादुकानांत चालते आणि रोजच्या मजुरीवरच्या मुलाला ती खरोखर उपयोगी आहे. फक्त पिग्मी कोणाकडे भरतो हे बघावे. बँक बुडाल्यास, मग ती सहकारी असली तरी, ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था किंवा सौहार्द (कर्नाटकातील एक प्रकारची सहकारी) सोसायटीच्या ठेवींना ते नसते. दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या सोसायटीत मुलाची फी ठेवण्यात शहाणपण नाही.

बोलणे कसे काढावे, हाही प्रश्न असतो. पगाराच्या दिवशी काढू नये. त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नोटा असतात. मधल्या एखाद्या रविवारी खर्चाची वही घेऊन तिघांनी बसावे आणि वडिलांनी आपला पगार आधी सांगावा. बहुतेक बापांना हे जड जाते. पण स्वतःचा आकडा झाकून मुलाचा आकडा विचारला, तर मुलगा ओटीचे (जादा वेळ कामाचे) पैसे लपवायला शिकतो. आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येत असतील तर तेही वहीत लिहावे आणि ते खर्च कसे करायचे हे तिच्यावर सोपवावे.

मुलगी कमावत असेल तर नियम तेच राहतात. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या सरकारी बसने तिचे जाणे-येणे फुकट होते, म्हणून तिच्याकडून जास्त घ्यावे असे नाही. वाचलेले पैसे तिच्या शिलकीत जावेत. तिच्या पगारातून लग्नासाठी सोने करून ठेवणे ही बचत म्हणून सांगितली जाते. पण फी भरायची वेळ आली म्हणून ते सोने मोडलेले मी अजून एकाही घरात पाहिलेले नाही.

घरात आजारपण आले, गिरणी बंद पडली, तर जास्त मागावे लागेल आणि मूलही ते आनंदाने देईल. अशा वेळी वाढीव रक्कम किती महिन्यांसाठी आहे ते तारखेसह वहीत लिहावे आणि ती तारीख आली की पुन्हा बसावे. एरवी सगळा हिशेब वर्षातून एकदा, आयटीआय आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी म्हणजे मे महिन्यात, नव्याने मांडावा आणि त्या बैठकीत ‘या वर्षी शिकायला जायचे का’ हे पहिल्यांदा विचारावे, पैशांचे नंतर. मुलाला १८ पूर्ण होतील त्या महिन्यात त्याला बँकेत पाठवावे. नवी सही, फोटो आणि कागदपत्रे दिल्याशिवाय अल्पवयीन म्हणून उघडलेले खाते पुढे नीट चालत नाही, आणि फीचा चेक त्याच सहीने जायचा असतो.