डेलियाचे कंद पावसाळ्यात का कुजतात? या चुका टाळा

डेलियाबद्दल वाचायला मिळणारी बरीचशी माहिती थंड देशांतली असते. तिथं पहिल्या हिमानं पानं काळी पडली की कंद उकरतात, थंड तळघरात ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. हे वेळापत्रक कोल्हापुरात उचलणं हीच मोठी चूक. आपल्याकडं हिवाळा हा फुलांचा हंगाम. कंद मरतो तो वळवाच्या आणि पुढच्या पावसात. त्यामुळं लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायची आणि कंद जपायचे ते उन्हाळ्या-पावसाळ्यात.

फुलं संपल्यावर झाड लगेच उपटू नका. पाणी हळूहळू तोडा, पानं पिवळी पडून वाळू द्या. मग बुंध्याजवळ 10 सेंमी खोड ठेवून कापा आणि भोवतीची माती वीतभर अंतरावरून सैल करून गड्डा उचला. खोडाला धरून ओढलं की कंदाची मान मोडते. असा कंद कितीही टपोरा दिसो, फुटत नाही. बटाट्याचे डोळे अंगभर असतात. डेलियाचे फक्त बुंध्याशी. गड्डा कापतानाही प्रत्येक तुकड्याला डोळ्यासह बुंध्याचा भाग हवाच. डोळे ओळखू येत नसतील तर गड्डा अखंड ठेवा, कोंब दिसल्यावर कापा.

कंद सावलीत सुकवून कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), हवेशीर खोलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर आतल्या घामानंच कुजतात. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात वाळून खडखडीत होतात. महिन्यातून एकदा चाचपून बघा: सुरकुत्या पडल्या असतील तर वाळूवर किंचित पाणी शिंपडा; मऊ, वास येणारा भाग घट्ट गरापर्यंत कापून गंधकाची भुकटी लावा. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण किंवा बुरशी असू शकते, असा कंद लगेच वेगळा काढा. जातीची चिठ्ठी कंद ठेवतानाच बांधा, नंतर सगळे कंद सारखेच दिसतात.

लागवडीत घात होतो तो पाण्यानं. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून उंच वाफा करा. साखर कारखान्याची ताजी मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) नको, ती कुजताना तापते. कंद 10 ते 12 सेंमी खोल लावा, आधाराची काठी तेव्हाच रोवा. नंतर रोवली तर ती कंदातूनच जाते. माती ओलसर असेल तर कोंब वर येईपर्यंत पाणी देऊ नका.

झाड दांडगं, पण कळी नाही? युरिया थांबवा.