बिनसांध्याची टाइल

एकच चौकोनी चित्र, म्हणजे टाइल, शेजारी शेजारी लावत पॅटर्न भरतात, आणि तो फसला की सगळे सांध्याकडे, म्हणजे दोन टाइली भिडतात त्या जागेकडे, बोट दाखवतात. माझा पहिला मोठा पॅटर्न फसला तेव्हा सांधा अगदी बेमालूम होता. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायच्या कागदासाठी मी पानांची नक्षी काढली होती. शाईने काढून स्कॅन केलेली सतरा-अठरा पानं, मधूनमधून काड्या, आणि हौसेने टाकलेला लाल पाठीचा एक किडा. झूम करकरून प्रत्येक कड तपासली, केसाएवढी रेघ नव्हती. कागद छापून आला आणि पानं कुणाला दिसलीच नाहीत. दिसले ते किडे, कवायतीला उभे केल्यासारखे, एकाखाली एक. काम देणाऱ्यांनी विचारलंसुद्धा, "या लाल रेघा कसल्या?"

तेव्हापासून टाइल करायला घेतली की सांध्याइतकाच वेळ मी ती लांबून बघण्यात घालवते. पण आधी सांधा, कारण तो आल्याशिवाय पुढचं काहीच नाही. ('सीमलेस', म्हणजे सांधा न दिसणाऱ्या, टाइलला बिनजोड म्हणायचा मोह होतो, पण तो शब्द पैलवानांनी आधीच नेलाय.)

कागदाची सुरळी केली की उजवी कड डावीला जाऊन भिडते. टाइलचं तेच होतं, फक्त दोन्ही दिशांनी: उजवी कड स्वतःच्याच डाव्या कडेला भेटते, खालची वरच्या कडेला. अडचण एवढीच की चित्र उघडलेलं असताना या भेटीच्या जागा चार बाजूंना विखुरलेल्या असतात, हात पोचत नाही. म्हणून चित्र निम्म्याने सरकवायचं. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून येतो, आणि सगळे सांधे मधोमध अधिकच्या चिन्हासारखे दिसू लागतात. या सरकवण्याला ऑफसेट म्हणतात. बाकी सगळं काम त्या अधिकच्या चिन्हावर.

मी बहुतेक वेळा गिंप हे चित्रं संपादित करायचं फुकट सॉफ्टवेअर वापरते, म्हणून त्याच्यावरच सांगते. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं नवं चित्र घ्या. छपाईसाठी असेल तर २०४८ घ्या, पण सम आकडाच घ्या, म्हणजे निम्मं करताना अर्धा पिक्सेल उरत नाही. चित्रात एकावर एक थर ठेवता येतात, त्यांना लेयर म्हणतात. खालच्या लेयरवर नुसता रंग ठेवा आणि नक्षी वरच्या पारदर्शक लेयरवर काढा. उद्या जमिनीचा रंग बदलावासा वाटला तर नक्षीला हात लावावा लागत नाही. पहिली पानं मधोमध काढा, कडांपासून लांब. मग 'लेयर', 'ट्रान्सफॉर्म', 'ऑफसेट' असं जा, किंवा शिफ्ट, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. निम्म्याने सरकवण्यासाठी तिथे बटणच आहे. दोन्ही खणांत २५६ आलं की नाही आणि कडांसाठी 'रॅप अराउंड' निवडलंय की नाही, एवढं बघून घ्या.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी दोनदा पडलेय. गिंप सरकवतं ते लेयरला, कॅनव्हासला, म्हणजे चित्राच्या पूर्ण चौकटीला, नाही. स्कॅनमधून चिकटवलेला लेयर कॅनव्हासपेक्षा लहान असेल तर तो स्वतःच्याच कडांभोवती गुंडाळला जातो आणि सांधा भलत्याच जागी येतो. म्हणून सरकवण्याआधी 'लेयर टू इमेज साइझ' करून घ्यायचं. दरवेळी.

सरकवल्यावर तुमची पानं चार कोपऱ्यांत गेलेली दिसतील आणि मधे रिकामी अधिकची जागा. ती भरा. पण त्या अधिकच्या चारही टोकांशी थांबा, कारण ती टोकं कॅनव्हासच्या कडांना, कडांच्या बरोबर मध्यावर, टेकलेली असतात. तिथे पान काढलंत तर ते कडेवर कापलं जाईल आणि नवा सांधा तयार होईल. बरेच जण एकदाच सरकवून मोकळे होतात, आणि मग पॅटर्न भरल्यावर ठरावीक अंतराने अर्धवट पानं किंवा रिकामे खळगे दिसतात. उपाय सोपा आहे. आता फक्त आडवं २५६ सरकवा, उभं शून्य. डाव्या-उजव्या कडेवरची ती मोकळी जागा मधोमध येते, ती भरा. मग आडवं आणि उभं दोन्ही २५६, आणि मधोमध आलेली उरलेली जागा भरा. शेवटी एकदा वेडावाकडा आकडा टाकून सरकवा, १३७ आणि ९१ असलं काहीतरी, आणि कुठे काही तुटलंय का बघा.

हे सगळं नको असेल तर क्रिटा हे रंगवायचं सॉफ्टवेअर उघडा आणि डब्ल्यू दाबा. रॅप अराउंड मोड सुरू होतो: टाइल चहूकडे पसरलेली दिसते आणि उजव्या कडेबाहेर गेलेला ब्रश डावीकडून आत येतो. हाताने रंगवायची नक्षी असेल तर माझ्या मते याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. फोटोशॉपमध्ये २०२१च्या आवृत्तीपासून 'व्ह्यू' मेनूत 'पॅटर्न प्रीव्ह्यू' आलंय, तेही चांगलं आहे. जुनी आवृत्ती असेल तर 'फिल्टर', 'अदर', 'ऑफसेट', आणि वर सांगितलेलीच कसरत.

फोटोवरून टाइल करणं ही वेगळी जात. दगडी भिंत, वाळू, गोणपाट, काहीही असो, पहिला शत्रू सांधा नसून उजेड असतो. फोटोचा एखादा कोपरा बहुतेकदा थोडा उजळ असतो. एकटा फोटो बघताना ते जाणवत नाही, पण टाइल पसरली की तोच कोपरा पुन्हा पुन्हा येऊन सगळा पृष्ठभाग डागाळल्यासारखा, गादीसारखा फुगीर दिसतो. म्हणून आधी उजेड सपाट करायचा. लेयरची प्रत काढा, तिच्यावर गॉशियन ब्लर हे धूसर करणारं फिल्टर द्या, इतकं की एकही दगड ओळखू येऊ नये, नुसता उजेड-अंधार उरावा. तिचा मोड 'ग्रेन एक्स्ट्रॅक्ट' करा. चित्र करडं पडेल, घाबरू नका. त्याच्यावर मूळ फोटोच्या सरासरी रंगाचा सपाट लेयर 'ग्रेन मर्ज' मोडमध्ये ठेवला की रंग परततो आणि उजेड सारखा होतो. लेयर एकत्र करा आणि मगच सरकवा.

मग मधल्या अधिकच्या चिन्हावर हीलिंग आणि क्लोन, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारी टूल्स. मऊ कडेचा मोठा ब्रश घेऊन सांध्यावरून सरळ फिरवला तर सांधा जातो, पण त्याच्या जागी धुरकट पट्टा येतो, आणि तो सांध्याहून जास्त डोळ्यांत भरतो. मी सांधा पुसत नाही, त्याच्यावर वस्तू ठेवते. दुसरीकडचा एक अख्खा दगड त्याच्या कडेकडेने निवडायचा, उचलायचा आणि सांध्यावर बसवायचा, जरासा फिरवून. डोळा दगडाची कड बघतो, सांधा शोधत नाही. 'टाइल सीमलेस' नावाचं तयार फिल्टरही गिंपमध्ये आहे. ते चित्र स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीत मिसळतं. ढग, वाळू असल्या बिनआकाराच्या गोष्टींना चालतं. विटांवर लावलंत तर विटांतून विटांची भुतं डोकावतात.

आता माझे किडे. सांधा नाहीसा झाला तरी टाइल ओळखू येते, कारण तिच्यात काहीतरी एकच असतं: सगळ्यांत गडद पान, सगळ्यांत मोठी मोकळी जागा, एकमेव लाल ठिपका. हे टाइल बघून कळत नाही. १५३६ बाय १५३६चा कॅनव्हास घेऊन त्यात टाइल तीन बाय तीन भरा, झूम कमी करत करत चित्र तळहाताएवढं होऊ द्या आणि डोळे अर्धवट मिटून बघा. जे पहिल्यांदा दिसेल तेच गुन्हेगार. एक तर ते काढा किंवा त्याच्यासारखी आणखी तीन-चार ठेवा. त्या कागदावर मी पुढे पाच किडे केले, पाचही वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले, आणि रंग विटकरीवर आणला. रेघा गेल्या. मोकळ्या जागांचंही तसंच. पानांमधल्या फटी एका ओळीत आल्या तर पांढरी पायवाट दिसते. तिच्यात एखादं पान आडवं घाला.

रांगा मोडायचा आणखी एक जुना मार्ग म्हणजे दर दुसरा स्तंभ निम्म्याने खाली सरकवणं, विटा रचतात तसं, फक्त उभ्या दिशेने. सॉफ्टवेअर चौकटीच भरतं, म्हणून ही चाल टाइलच्या आतच घालावी लागते. १०२४ बाय ५१२चा कॅनव्हास घ्या. डाव्या अर्ध्यात नक्षी जशीच्या तशी, उजव्या अर्ध्यात तिचीच प्रत २५६ने खाली गुंडाळून. पण हे केव्हा करायचं ते महत्त्वाचं. आधी डाव्या-उजव्या कडा ओलांडणारी पानं काढून ठेवलीत तर ती आता शेजाऱ्याशी जुळणार नाहीत, कारण शेजारी खाली सरकलाय. म्हणून मधली नक्षी झाल्याबरोबर हे करा, आणि सांध्यांची भरणी या नव्या मोठ्या टाइलवर करा.

पोत एकावर एक ठेवायचे असतील तर दोघांची मापं मुद्दाम वेगळी ठेवा. ५०० आणि ७०० पिक्सेलच्या दोन टाइली एकमेकींवर पसरल्या की त्यांची जोडी ३५०० पिक्सेलनंतरच पहिल्यासारखी जुळते. शाळेत लसावि शिकलो तो मला इथे पहिल्यांदा उपयोगी पडला.

टाइल तयार झाली की तिला छेडू नका. ब्लर, शार्पन, लहान-मोठं करणं, यातलं काहीही केलंत तर फिल्टरला कडेपलीकडे शेजारी आहे हे माहीत नसतं आणि पुसट रेघ परत येते. करायचंच असेल तर ती तीन बाय तीनची प्रत घ्या, तिच्यावर करा आणि मधली टाइल कापून काढा. ५१२ची टाइल निम्मी करायची तर १५३६चं ७६८ करायचं आणि २५६पासून पुढचे २५६ पिक्सेल दोन्ही दिशांनी घ्यायचे. कापताना आकडे टाइप करा, माउसने ओढू नका. कड अर्ध्या पिक्सेलवर पडली तर तिथे अर्धपारदर्शक ओळ राहते. साध्या नॉइजला मात्र हा नियम नाही, तो एकेका पिक्सेलवर पडतो, शेजाऱ्याकडे बघत नाही.

साठवताना पीएनजी. जेपेग चित्र आठ बाय आठच्या ठोकळ्यांत दाबतं आणि दोन्ही कडांवरचे ठोकळे वेगवेगळे बिघडतात, मग नितळ रंगावर सांधा उमटतो. गिंपमध्ये ती पीएनजी 'पॅटर्न्स' फोल्डरात टाकून यादी रिफ्रेश केली की झालं. गिंपची स्वतःची पॅटर्न फाइल, म्हणजे पॅट फाइल, करायचीच असं नाही. घाई असेल तर टाइल नुसती कॉपी करा, क्लिपबोर्डवरचं चित्र पॅटर्नच्या यादीत आपोआप येतं. मग बकेट फिल निवडून त्याला रंगाऐवजी पॅटर्न द्या. क्लोन टूललाही पॅटर्न देता येतो, म्हणजे ब्रशने हवा तिथेच पोत रंगवता येतो. मला फिलपेक्षा हे जास्त आवडतं.

फोटोशॉपमध्ये 'एडिट', 'डिफाइन पॅटर्न' करा, पण भरताना 'एडिट', 'फिल' वापरू नका. त्याने पिक्सेल कायमचे बसतात. 'न्यू फिल लेयर'मधून पॅटर्न लेयर घ्या. त्याचं प्रमाण नंतर बदलता येतं आणि डायलॉग उघडा असताना नक्षी माउसने सरकवताही येते. प्रमाण १००, ५०, २५ असं ठेवा. ७३ टक्क्यांवर नक्षी लिबलिबीत होते आणि कधी कधी कडेची रेघही डोकं वर काढते. फाइलच्या नावात माप लिहून ठेवा, 'पाने-१०२४-५१२' असं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी शोधताना नेमकं तेच आठवत नाही.