अ‍ॅम्पला स्पीकर जोडायच्या आधीची तयारी: पहिले ओहम बघा, वॅट नंतर

आधी कागद, पेन आणि मल्टीमीटर जवळ घेऊन बसा, वायर सोलायला नंतर घ्या. बहुतेक जण वॅटपासून सुरू करतात, अ‍ॅम्प १०० वॅटचा, स्पीकर १०० वॅटचा, झालं जमलं, आणि घोळ तिथंच होतो. अ‍ॅम्प व्होल्टेज देतो एवढंच, त्या व्होल्टेजवर करंट किती ओढायचा हे स्पीकरचे ओहम, म्हणजे करंटला होणारा त्याचा विरोध, ठरवतात, आणि व्होल्टेज गुणिले करंट जे येईल ते वॅट. म्हणजे वॅट हा हिशोबाच्या शेवटी येणारा आकडा आहे, तो पहिला धरून चालत नाही.

तर पहिलं काम, प्रत्येक स्पीकर पालथा घाला आणि मॅग्नेटवर किती ओहम लिहिलेत ते कागदावर उतरवा. लेबल गेलं असेल तर स्पीकर अ‍ॅम्पपासून पूर्ण सुटा करून मीटर लावा. ८ ओहमवाला साधारण ६ च्या आसपास दाखवेल, ४ वाला साडेतीनच्या आतबाहेर, म्हणून स्पीकर खराब आहे असं समजू नका, मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतं. इम्पीडन्स, म्हणजे गाणं वाजताना स्पीकरचा खरा विरोध, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत राहतो, रेझोनन्सजवळ, म्हणजे कोन आपसूक जोरात हलतो त्या फ्रिक्वेन्सीजवळ, हाच ८ वाला ३०-४० ओहमलाही जातो, छापलेला आकडा म्हणजे ढोबळ नाव आहे. हातासरशी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर आला पाहिजे, आत गेला तर खुणा उलट्या आहेत. दोन स्पीकर एकमेकांच्या उलटे जोडले की बास गायब होतो आणि मग माणूस उगाच अ‍ॅम्पला दोष देत बसतो.

आता अ‍ॅम्पची मागची बाजू. तिथं कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं, माझ्या मते अख्ख्या अ‍ॅम्पवर कामाचा आकडा हाच. समजा अ‍ॅम्प २० व्होल्ट आरएमएस (पॉवरच्या हिशोबाला धरायचं परिणामी व्होल्टेज) देतो. व्होल्टचा वर्ग करा, ओहमने भागा, ४०० भागिले ८ म्हणजे ५० वॅट, करंट अडीच अँपिअर. तोच अ‍ॅम्प, तोच आवाजाचा नॉब, स्पीकर ४ ओहमचा लावला की १०० वॅट आणि ५ अँपिअर. २ ओहमवर २०० वॅट आणि १० अँपिअर, पण हे फक्त कागदावर, खरं म्हणजे त्याआधीच सप्लाय दबतो, ट्रान्झिस्टर तापतात, नशीब असेल तर प्रोटेक्टला जातो, म्हणजे स्वतःच आउटपुट बंद करतो, नाहीतर धूर. ओहम कमी म्हणजे पॉवर जास्त हे खरंच आहे, फक्त ती पॉवर अ‍ॅम्पला कुठून तरी आणावी लागते.

एका चॅनलवर किती स्पीकर लागणार ते कागदावरच जोडून बघा, प्रत्यक्षात नको. मी एकदा ८ ओहमचे चार स्पीकर सरळ पॅरललमध्ये लावले होते, म्हटलं ८ चे आहेत, अ‍ॅम्प पण ८ चा आहे, काय होतंय, अर्ध्या तासात आउटपुट उडालं. चार आठांचे पॅरललमध्ये २ होतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दोन दोन सिरीजमध्ये जोडून त्या दोन जोड्या पॅरलल केल्या असत्या तर परत ८ च आले असते. ब्रिज करणार, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवणार असाल तर अजून एक लक्षात ठेवा, ब्रिजमध्ये ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनलला ४ ओहमचा वाटतो.

छोटा क्लास डी बोर्ड (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा तयार अ‍ॅम्प) घेतला असेल तर सप्लायचा हिशोब आधी, कारण व्होल्टेज येणार तिथूनच. २४ व्होल्टवर ब्रिज आउटपुट असलेला बोर्ड फार तर २४ व्होल्ट पीक (लाटेचं टोक) देणार, म्हणजे १.४१ ने भागून १७ आरएमएस, ८ ओहमवर ३६ वॅट. १२ व्होल्ट दिले तर साडेआठ आरएमएस आणि फक्त ९ वॅट, व्होल्टेज निम्मं केलं की वॅट पाव होतात हे लोकांना पटतच नाही. आणि अ‍ॅडॅप्टर २४ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर तो मुळात ४८ वॅटचाच आहे, बोर्डवर काही का छापलेलं असेना, त्यातून सतत १०० वॅट निघणार नाहीत. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक वॅटचा, आकडा तर कागदावर लिहूच नका.

वॅटवरून आवाजाचा अंदाज बांधत असाल तर ५० चे १०० वॅट केले की वाढतात ३ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), जेमतेम जाणवेल इतकं. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर तो किती डीबी आवाज देतो, ते बघा, पण १ वॅटवर मोजलीय की २.८३ व्होल्टवर ते तपासून, कारण २.८३ व्होल्ट ८ ओहमवर १ वॅट होतात आणि ४ ओहमवर २, म्हणजे ४ वाल्याला कागदावर ३ डीबी फुकटात मिळतात.

वायर लांब असेल तर जाड घ्या. १० मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन २० मीटर तांबं, अर्धा स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये ०.७ ओहमच्या जवळ जातं, ४ ओहमच्या स्पीकरसोबत पॉवरचा सातवा हिस्सा वायरच खाते. दीड स्क्वेअर एमएमला तेच ०.२३ ओहम. टोकाला एक केसाएवढी तार बाहेर राहून दुसऱ्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट, तेवढं नीट पिळून घ्या. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर त्याची तऱ्हा उलटी, तो स्पीकर न लावता चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ४ चा स्पीकर ट्रान्सफॉर्मरच्या ४ च्याच टॅपवर (जोडणीच्या टोकावर) लावायचा.

स्पीकर जोडायच्या आधी, नुसत्या चालू केलेल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील, व्होल्टमध्ये दिसलं तर स्पीकर लावूच नका, कॉइल जळेल. मग नॉब शून्यावर ठेवून जोडा, हळूहळू वाढवा, दहा मिनिटांनी हीटसिंकला हात लावून बघा. आवाज चरचरीत, फाटल्यासारखा व्हायला लागला की अ‍ॅम्प क्लिप होतोय, सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज तो देऊ शकत नाही म्हणून वेव्हचे शेंडे कापले जातात, आणि अशात ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) पहिला जातो, अ‍ॅम्प छोटा असला तरी. नॉब तिथून थोडा मागे घ्या आणि त्या जागी पेनाने खूण करून ठेवा, पुढच्या वेळी नॉब फिरवणारा दुसराच कोणीतरी असतो.