खाडीकाठच्या बागेला दगडी बंधारा बांधायचाय? पायाची खोली आत्ताच ठरवा

पाऊस ओसरला, भात कापणीला आलं, आणि किनाऱ्यालगतच्या बागायतदारांना यंदा किती जमीन गेली ते आता नीट दिसतंय. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून खोल पाण्यात नेतात. उघडिपीच्या दिवसांत लहान लाटा त्यातली बरीचशी हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे किनारा वर्षभरात सगळ्यात खाली उतरलेला असतो तो याच सुमारास. मे महिन्यात तीच जागा वाळूने भरलेली, भरभक्कम दिसते. तेव्हा पाहणी करून बंधाऱ्याचा पाया ठरवला तर तो हमखास उथळ पडतो आणि पुढच्या श्रावणात खालची वाळू सरकली की दगड बसायला लागतात. किनाऱ्यावरचे बहुतेक खाजगी बंधारे लाटेच्या थेट माऱ्याने पडत नाहीत, पायाखालची माती निघून गेल्याने पडतात. म्हणून यंदा काम करायचं असो वा नसो, मोजमाप मात्र दिवाळीच्या आत करून ठेवा.

मोजणी अवघड नाही. विहिरीचा कठडा, घराचा कोपरा अशी हलणार नाही ती खूण धरा, तिथपासून कडेपर्यंत टेप लावा, आकडा तारखेसह वहीत लिहा आणि फोटो काढा. ओहोटीला खाली उतरून कडेची उंचीही घ्या. उधाणाचं पाणी कुठवर चढलं ते काडीकचऱ्याच्या रेषेवरून कळतं, तिथे खुंटी मारा. पुढे अर्ज करताना हीच वही उपयोगी पडते.

मोजतानाच कड कशाने ढासळते आहे तेही बघा, कारण प्रत्येक धुपीला दगड हा इलाज नसतो. कडेच्या वरच्या अंगाला घळी पडल्या असतील तर खाडीपेक्षा दोष बागेतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा आहे. ते पाणी एका पाटात घेऊन पक्क्या जागेवरून खाली उतरवलं की बरंच काम होतं. कड खालून पोखरली जाऊन वरचा भाग चिऱ्यासारखा सुटत असेल, तर प्रवाह किंवा लाटा पाय खात आहेत. समोरच्या पात्रातून वाळूचा उपसा चालू असेल तर पात्र खोल होत जातं आणि काठ त्यात घसरतो. तिथे कितीही दगड टाकला तरी तो खड्ड्यातच जाणार. आधी उपशाची लेखी तक्रार तहसीलदारांकडे करा.

माडांच्या भरवशावर राहू नका. माडाला सोटमूळ नसतं. तंतुमुळांचा झुबका बहुतेक बुंध्याभोवती दोनेक मीटरमध्ये आणि वरच्या मीटरभर मातीत असतो. कड दोन-तीन मीटर उंच असेल तर त्या मुळांच्या खालची माती मोकळीच राहते. तीच गोष्ट सुरूच्या झाडांची. वाळूवरच्या वाऱ्याला सुरू चांगला अडवतो, पण लाट पायाशी आली की रांगच्या रांग आडवी होते. कोकणच्या पुळणींवर मुळं वर करून पडलेले सुरू आपण सगळ्यांनी पाहिलेत.

खाडीकाठी चिखलाची पट्टी असेल तर पहिला मान कांदळवनाचा. तिवर, कांदळ, चिपी यांची दाट पट्टी लाटेचा जोर मोडते आणि गाळ धरते. आपल्याकडच्या खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनींचे, जुने बांध, कोकणातले काय नि गोव्यातले काय, मातीचेच असत. पाण्याच्या अंगाला जांभ्या दगडाची पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, आणि तिच्यापुढे खारफुटी, अशी ती जोडणी होती. पाणी सोडायला आपल्याकडे उघाडी, गोव्यात मानस. ही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण समोरची झाडं लाट आधीच दमवत होती. कांदळवन तोडून तिथे दगड टाकणं हे नुकसानीचं तर आहेच, बेकायदाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आहे, आणि 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत राखीव धरला जातो. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र खारफुटी येत नाही. तिथे वाळूच्या टेकाडावर मर्यादावेल, केवडा, उंडी लावा. मर्यादावेलीचे तुकडे पावसाच्या तोंडावर खोचले की पसरतात.

एवढं बघूनही दगड लागणारच असेल, तर पुढचं नीट वाचा.

उभी भिंत नको. चिऱ्याचा उभा गडगा सिमेंटात बांधला की लाट त्यावर आपटून परत फिरते आणि खाली उतरताना पायाची वाळू खरवडून नेते. त्यापेक्षा सुट्या मोठ्या दगडांचा उताराचा बंधारा चांगला. लाट फटींत शिरते, तिचा जोर तिथेच जिरतो, आणि एखादा दगड बसला तरी शेजारचे त्याला सामावून घेतात. उतार किमान दोनास एक ठेवा, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा पसारा. इथे जागा जाते म्हणून शेतकरी कुरकुरतात, ते समजण्यासारखं आहे. पण दोन ओळी माड वाचवायचे तर कडेची ही पट्टी द्यावीच लागते.

दगड काळा, टणक, कोनेदार घ्या. जांभा हलका आणि सच्छिद्र असतो, म्हणून लाटेच्या थेट माऱ्यात तो ठेवू नका. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, तेही नकोत. वजन लाटेवर ठरतं आणि इथला हिशोब कडक आहे: लाट दुप्पट झाली की दगड आठपट जड लागतो. दोनास एक उतारावर अर्धा मीटर लाटेला साधारण 20-25 किलोचा दगड पुरतो, 1 मीटर लाटेला 170 किलोच्या आसपासचा, दीड मीटरला साडेपाचशे किलोचा आणि 2 मीटरला तेराशे किलोच्या वरचा. म्हणजे आतल्या खाडीत चार माणसं लावून होणारं काम उघड्या समुद्रावर तुमच्या-माझ्या आवाक्यात राहत नाही. तिथे क्रेन, अभियंता आणि सरकारी आराखडा हवाच. रत्नागिरीच्या मिऱ्याला टेट्रापॉडपर्यंत, म्हणजे काँक्रीटच्या चार पायांच्या अवजड ठोकळ्यांपर्यंत, जावं लागलं ते याच कारणाने.

आता थर. मोठे दगड थेट मातीवर टाकणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. खाली जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड पसरा, जोडावर किमान अर्धा मीटर एकावर एक येऊ द्या. त्यावर लहान दगडांचा थर, वरच्या दगडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वजनाचा. मग मोठ्या दगडांचे दोन थर. कापडाऐवजी ताडपत्री घालू नका. ताडपत्री पाणी अडवते, आणि भरती उतरल्यावर मागे साठलेलं पाणी बंधाऱ्याला आतून ढकलतं. पाणी सुटलं पाहिजे, माती थांबली पाहिजे, यासाठीच हा सगळा खटाटोप. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून रचणं हे फार तर एका पावसाची वेळ मारून नेण्यापुरतं. प्लास्टिक उन्हाने फाटतं आणि तुकडे खाडीत जातात.

पाया आजच्या सर्वांत खालच्या जमिनीपासून निदान एका लाटेच्या उंचीइतका खोल न्या. खाली कातळ लागला तर उत्तम, पहिली ओळ त्यात अडकवून बसवा. खणणं शक्य नसेल तर पायथ्यापुढे मोठ्या दगडांचा जादा पसारा टाकून ठेवा. पुढे खड्डा पडला की हे दगड त्यात उतरतात आणि मूळ बंधारा उभा राहतो. खोदाईसाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खूप खाली जाते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, पाणी पुरतं उतरत नाही, तेव्हा वरचे थर रचा. वेळेचा अंदाज जुन्या हिशोबाने येतो: तिथीला पाऊणने गुणा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी-नंतर सहा तासांनी, पहाटे आणि संध्याकाळी. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, आपल्या बंदराचं भरतीचं कोष्टक हाताशी ठेवा.

दोन्ही टोकं बागेच्या आत वळवून घ्या. सरळ संपलेल्या बंधाऱ्याच्या टोकाला पाणी वळसा घालतं आणि मागून माती काढतं. शेजाऱ्याच्या जमिनीची धूपही तिथूनच वाढते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्याने बांधलेला बंधारा पुढच्याच्या बागेवर संकट ढकलतो आणि भाऊबंदकीत कोर्टकचेरी आणतो. देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, एका सातबाऱ्यापुरता विचार करून चालतच नाही. काठावरच्या सगळ्यांनी एकत्र बसा, ग्रामसभेचा ठराव घ्या, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी पतन (बंदर) विभागाकडे किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे मागणी करा. भातखाचराचा बांध शासकीय खारभूमी योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे जा. स्वखर्चाने करायचं तरी सीआरझेडची परवानगी लागते, आणि त्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्द पक्की करा. कागदांना महिने जातात, म्हणून अर्ज आत्ता, दगडाची बोली मार्गशीर्षात, काम माघ-फाल्गुनात आणि आगोटीपूर्वी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, सगळं आटोपलेलं, असा क्रम ठेवा.

बंधारा आधीपासून असेल तर येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला त्याच्यापुढे उभे राहा आणि फटींतून झिरपणारं पाणी बघा. नितळ असेल तर ठीक. गढूळ, मातकट असेल तर मागची माती निघून चालली आहे. मग वर येऊन माथ्यामागची जमीन बघा: आधी खेकड्याच्या बिळाएवढी भोकं दिसतात, नंतर घमेल्याएवढे खळगे पडतात. वरून माती भरून उपयोग नाही, ती त्याच वाटेने जाते. तेवढ्या भागातले दगड काढा, कापड आणि लहान दगडांचा थर घालून पुन्हा रचा.

खारं पाणी बागेत शिरलं असेल तर ते साचू देऊ नका, चर काढून ओहोटीला सोडा. जुलैत शिरलेलं पाणी पुढचा पाऊस धुऊन काढतो. सप्टेंबरनंतर शिरलेलं जास्त त्रास देतं, तिथे गोड्या पाण्याच्या दोन-तीन भरण्या द्याव्या लागतात. माड बराच खारटपणा सोसतो, सुपारी आणि भाजीपाला सोसत नाही. लागवडीपूर्वी मातीची क्षारता तपासून घ्या. 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आकडा आला तर ती जमीन क्षारयुक्त समजा आणि खरिपात भातासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या जातींचा विचार करा. विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर पंप थोडा थोडा वेळ चालवा, एकदम उपसा करू नका.

काम संपल्यावर एक ट्रॉली मोठा दगड बागेतच राखून ठेवा. आषाढातल्या पहिल्या उधाणानंतर चक्कर मारा आणि जिथे दगड बसलाय तिथे ओहोटीला लगेच भर घाला. पावसाळ्यात खाणी बंद असतात, रस्ता चिखलाचा असतो, तेव्हा बाहेरून दगड मिळत नाही.